ॲपवाल्या पोरांनो, आधी मधमाशांचं पुरुमेंत मोजा

फर्मागुढी, कुंकळ्ळी, झुआरीनगर, पणजी-पर्वरी, गोव्यात जिथे कुठे बसून तुम्ही मधमाशांसाठी सेन्सर, ॲप, डॅशबोर्ड वगैरे बनवताय, त्या सगळ्या मुलामुलींना,

सत्तरीतून एका काकीचा नमस्कार. वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या कडेला आमचं घर, पाठीमागे कुळागर म्हणजे पोफळी-माडांची बाग, वर डोंगरावर काजू. माझ्याकडे सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाशांच्या, तेवीस पेट्या होत्या, आता सोळा आहेत, आणि त्या सात कुठे गेल्या ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलेय. मोबाईलवर बोलून टाईप करतेय, त्यामुळे वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या.

गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे तीन वेगवेगळ्या टीम येऊन गेल्या. पोरं गुणी, काही तर माझ्या मुलीच्या वयाची. चहा पितात, फोटो काढतात, पेटी उघडली की चार पावलं मागे सरतात (ते ठीक आहे, मीपण पहिल्या वर्षी पळालेले). पण तिन्ही टीमचा पहिला प्रश्न एकच, काकी, वर्षाला मध किती निघतो? जूनमध्ये तुमच्या माशा खातात काय, हे आजपर्यंत एकानेही विचारलं नाही. आता तुम्ही गोव्याचीच पोरं ना, तुमच्या घरी एप्रिल-मेमध्ये आई-आजी काय करते? पुरुमेंत भरते. सुकी मासळी, मिरच्या, कोकम, तांदूळ, पापड, खारवलेल्या कैऱ्या. पाऊस लागला की चार महिने काही मिळणार नाही, हे तिला ठाऊक असतं. माशांनाही ठाऊक असतं. त्यापण जानेवारीपासून काजूवर, आंब्यावर, मग जांभळीवर राबून आपलं पुरुमेंत भरतात, आणि ते आपण मेमध्ये काढून बाटलीत भरतो आणि म्हापशाच्या बाजारात नेऊन विकतो. नंतर जुलैत माशा पळाल्या की आपणच म्हणतो, सातेरी जात बेभरवशाची.

बेभरवशाची नाही हो. उपाशी असते.

पावसाळ्यात इथे काय असतं ते सांगते, कारण पुस्तकात "मान्सून डर्थ" म्हणून एक ओळ लिहून सोडून देतात. माड बारमाही फुलतो, पण फुलोऱ्यात पाणी गेलं की माशी त्यावर बसून करणार काय? लाजाळू असते, तिचा पराग आणतात, गुलाबी फुलाचा फिकट पराग पायाला लावून येतात तेव्हा मला बरं वाटतं. परसात दोडकी, भोपळा असतो. बाहेर पडायला मिळतं ते पावसाच्या दोन सरींमध्ये, कधी अर्धा तास, कधी चार-चार दिवस तेवढंही नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आसपास उघडीप मिळते, मग किंदळाचं झाड फुलतं आणि पेटीत परत जीव येतो. जून ते चवथ हा सगळा काळ पेटी तगवायची म्हणजे मेमध्ये पोळ्यावर चार पट्ट्या मध राखायचा आणि कमी पडला तर साखरपाणी द्यायचं, तेही संध्याकाळी, आतल्या आत, एक थेंब बाहेर सांडू न देता, नाहीतर हुमले म्हणजे मुंग्या रांग लावतात आणि शेजारच्या पेटीतल्या माशा चोरीला येतात.

आता ती गोष्ट. कुठल्या टीमची ते सांगत नाही, पोरांनी मन लावून काम केलेलं. त्यांनी माझ्या पाच पेट्यांखाली वजनाचे काटे बसवले, लोड सेल का काय म्हणतात ते, वर सिमकार्ड, वर छोटं सोलर. काजूच्या दिवसात खरंच मजा आली. रोज संध्याकाळी आलेख वर. अमुक पेटीत आज दोनशे ग्रॅम भरले, तमुकमध्ये तीनशे. मी तर शेजारणीला दाखवत फिरायचे. मग जून लागला. कुळागरात सावली, त्यात ढग, सोलर चार्ज होईना, आणि रेंज आमच्याकडे तशीही देवळाकडच्या आंब्याखालीच येते, त्यामुळे आकडे येतील तेव्हा येतील असं चाललेलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात धो धो पाऊस, तीन दिवस वीज नाही. चौथ्या दिवशी आंब्याखाली गेले तर मोबाईलवर टिंग टिंग, पाचही पेट्यांचं वजन वाढलेलं आणि खाली मेसेज, "अभिनंदन! तुमच्या पेटीत मध भरतो आहे."

जुलैमध्ये! कुठून भरतोय मध, ढगातून? पण खोटं कशाला बोलू, मला दोन मिनिटं खरं वाटलं. यंत्राने सांगितलं ना. म्हणून त्या आठवड्यात त्या पाच पेट्यांना साखरपाणी दिलं नाही, बाकीच्यांना दिलं.

उघडीप मिळाली तेव्हा दहा-बारा दिवसांनी पेट्या उघडल्या. पाचपैकी तीन रिकाम्या. रिकाम्या म्हणजे पोळी जागच्या जागी, त्यात मध नाही, अंडी नाहीत, अळ्या नाहीत, एका कोपऱ्यात बोटभर जागेत मेणकिड्याने जाळी विणायला घेतलेली आणि खाली पाटावर पाच-सहा माशा, हळूहळू चालत होत्या. पोळं हातात घेतलं तर कागदासारखं हलकं. आणि पेटीचं लाकूड मात्र असं जड की मला एकटीला सरकवता येईना. पाणी प्यायलेलं लाकूड! झाकण, स्टँड, पेटीच्या चारी भिंती, सगळं तीन दिवसांच्या पावसाने भिजून गच्च. काट्याने ते वजन बरोब्बर मोजलेलं. चूक काट्याची नव्हती, पाण्याला मध समजणाऱ्याची होती, आणि त्यात मीपण आले. पुढच्या पंधरवड्यात उरलेल्या दोन गेल्या. आणखी दोन दुसऱ्या कारणाने गेल्या, ते खाली सांगते.

त्या पोरांना फोन केला तर बिचारी गप्प झाली. मग म्हणाली, काकी, आमचं मॉडेल मेलिफेरावर ट्रेन केलंय. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घोळ नक्की कुठे आहे.

बघा, मेलिफेरा ही युरोपातली माशी, १९६२ च्या आसपास तेव्हाच्या पंजाबात नगरोटा बगवानला ती आपल्याकडे नीट रुजली. मोहरीच्या, सूर्यफुलाच्या मैलोन्मैल शेतातून ट्रकने पेट्या फिरवायच्या, एका पेटीतून पंचवीस-तीस किलो किंवा त्याहून जास्त काढायचा, असा तो धंदा. जगातलं बहुतेक सगळं यंत्र, ॲप, संशोधन त्या माशीवर चालतं. आमची सातेरी लहान, पेटी लहान, वर्षाला पाच-सहा किलो मध, चांगलं वर्ष असेल तर आठ-दहा. ती प्रोपोलिस, म्हणजे झाडांचा चिकट डिंक, गोळा करत नाही, तिला गर्दी-गडबड आवडत नाही, पेटी फार वेळा उघडली तरी रुसते, आणि पटलं नाही की घर सोडून जाते. मेलिफेरा सहसा असं करत नाही. म्हणजे तुमच्या यंत्राला जो प्रश्न सर्वात आधी विचारला पाहिजे, माशा जायच्या तयारीत आहेत का, तोच त्या मॉडेलला कोणी शिकवलेला नाही.

आणि हिशोबही बघा. माझा मध आठशे रुपये किलोने जातो. पेटीमागे सहा किलो धरले तर चार हजार आठशे. त्यातून साखर, नवीन पोळीपट्ट्या, बाटल्या, म्हापशाला जायचं भाडं. मला जे यंत्र विकायला आणलं ते एका पेटीला साडेचार हजार आणि वर महिन्याचं सबस्क्रिप्शन! सोळा पेट्यांना बसवलं तर यंत्र मध खाईल आणि मी साखरपाणी पिईन.

तर आता तुम्ही म्हणाल काकी तुम्हाला काहीच नको. नाही हो, पाहिजे. आम्ही सत्तरीतले लोक नव्याच्या विरुद्ध आहोत असं २०२१ साली इथल्या मेळावलीत आयआयटीला गावाने विरोध केला तेव्हा बरेच जण बोलले, पण ते भांडण जमिनीचं होतं, यंत्राचं नव्हतं. मला यंत्र पाहिजे, पण आमच्या माशीचं.

सातेरी जायची असते तेव्हा एका रात्रीत जात नाही. आधी राणी अंडी घालायची थांबते. जी अंडी-अळ्या पोळ्यात आहेत त्या मोठ्या होऊन बाहेर पडेपर्यंत माशा थांबतात, उरलेला मध पोटात भरतात आणि मग जातात. अंड्यापासून माशी व्हायला वीसेक दिवस लागतात, म्हणजे आपल्या हातात दोन-तीन आठवडे असतात! पण पावसात पेटी उघडून बघता येत नाही, आणि बघितलं तर तेवढ्यानेच त्या जास्त बिथरतात. इथे तुमचं काम आहे. ज्या पोळ्यात अळ्या असतात ती जागा माशा पंख-अंग हलवून चौतीस-पस्तीस डिग्रीवर धरून ठेवतात, बाहेर पाऊस असो की ऊन. अळ्या संपल्या की ती ऊब धरायची गरज संपते आणि आतलं तापमान बाहेरच्यासारखं खालीवर व्हायला लागतं. म्हणजे मधल्या दोन पोळ्यांच्या मध्ये, झाकणाखाली नव्हे, एक साधा तापमानाचा सेन्सर ठेवला आणि तो दोन दिवस सलग तिशीच्या खाली घसरला की समजायचं, बाई सामान बांधतेय. तेव्हा साखरपाणी द्या, दुसऱ्या पेटीतलं अळ्यांचं एक पोळं आणून द्या, बऱ्याचदा थांबतात. मी हे हाताने करून बघितलंय, झाकणाच्या फटीतून तळहात ठेवून. पावसातसुद्धा चांगल्या पेटीची वाफ हाताला लागते, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी. जाणाऱ्या पेटीची लागत नाही. माझ्या तळहाताला कळतं, पण तो सोळा पेट्यांना रोज लावायला पुरत नाही.

सिमकार्ड काढून टाका. मी कुळागरात रोज जातेच, पोफळींना पाणी नसेल तर सुपाऱ्या वेचायला, नाहीतर उगीच. यंत्राने आकडे आपल्या पोटात साठवावेत आणि मी पाच हातांवरून गेले की ब्लूटूथने माझ्या मोबाईलमध्ये टाकावेत. तेही जमलं नाही तर पेटीवर एक लाल-हिरवा दिवा लावा, बस झालं. आणि जुना आकडा असेल तर तो हिरवा दाखवू नका, राखाडी दाखवा! बंद पडलेलं यंत्र "सगळं ठीक" म्हणतं, हे मला सर्वात धोक्याचं वाटतं. वजनकाटा गावात एकच पुरे, एका साक्षी पेटीखाली, वर पत्र्याचं छप्पर घालून, बाजूला पावसाचं माप ठेवून. त्या एकीवरून सगळ्या वाड्याला कळेल की फुलोरा सुरू झाला की संपला. आणि डबी अशी करा की तिच्यात हुमले घर करणार नाहीत. माझ्या एका डबीतून सर्किटऐवजी मूठभर हुमले अंडी घेऊन पळालेले, ते बघून इंजिनियर पोरगा पेटी उघडतानापेक्षा जास्त घाबरला.

आता त्या दोन पेट्यांचं. त्या पावसाने नाही, औषधाने गेल्या. काजूला मोहर येतो तेव्हाच ढेकण्या नावाचा किडा येतो, कोवळी पालवी आणि मोहर शोषून काळा पाडतो, म्हणून लोक फवारणी करतात. त्यांचंही पोट काजूवर आहे, उर्राक, फेणी, बिया सगळं त्यातूनच, मी त्यांना काय बोलणार. पण सकाळी दहा-अकराला फुलं उमलतात, माशा मोहरावर असतात, आणि नेमका तेव्हा पंप सुरू झाला की दुपारपर्यंत पेटीच्या दारात मेलेल्या माशांचा सडा, जिभा बाहेर आलेल्या. मी झाडूने गोळा केल्या, दोन सुपं भरली. यावर आम्ही जे केलं त्याला एक रुपया लागला नाही. काजूवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होताच, त्यात मी घुसले आणि सगळ्यांना सांगितलं की फवारायच्या आदल्या दिवशी एक व्हॉइस मेसेज टाका आणि जमलं तर ऊन कलल्यावर फवारा. आता मेसेज येतो, "वयनी, हांव फाल्यां काजूक वखद मारतलों" (वहिनी, मी उद्या काजूवर औषध मारणार), की मी रात्री माशा घरी आल्यावर दारावर जाळी लावते, पाण्याचं ओलं गोणपाट टाकते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढते. तुम्हाला खरंच काही बनवायचं असेल तर हे पक्कं करा, कोण कुठे फवारतोय आणि त्या माशीच्या उडण्याच्या टप्प्यात कोणाच्या पेट्या आहेत, आवाजावर चालणारं, कोकणी-मराठीत. टाईप करायला लावू नका. आमच्याकडे साठीच्या पुढचे लोक टाईप करत नाहीत, पण व्हॉइस मेसेज मात्र चार-चार मिनिटांचे टाकतात.

पेट्यांची जागा मात्र नकाशावर सगळ्या जगाला दाखवू नका. एका ॲपमध्ये माझ्या पेट्या पिनसकट दिसत होत्या, कोणीही उघडून बघावं. पेटी डोक्यावर घेऊन जायला किती वेळ लागतो? केंद्र सरकारचं मधुक्रांती पोर्टल ७ एप्रिल २०२१ ला सुरू झालं, मध कुठून आला ते शोधता यावं म्हणून नोंदणी करा म्हणतात, चांगलंच आहे. राष्ट्रीय मधमाशी पालन आणि मध अभियानाला पाचशे कोटी मंजूर झालेले हेपण वाचलंय. पण नोंदणी करायला बसलं की कुठे ना कुठे कोणीतरी जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागतं, आणि सत्तरीत कितीतरी घरं पिढ्यान्पिढ्या जी जमीन कसतात ती त्यांच्या नावावर नाही. माशी काय उतारा बघून फुलावर बसते? हे तुमच्या हातात नाही, माहीत आहे मला, पण फॉर्म तुम्हीच डिझाईन करता ना, मग त्या रकान्यापुढे ती लाल चांदणी तरी लावू नका.

रोगाचं थोडक्यात सांगते. १९९१-९२ मध्ये केरळ, कर्नाटक, तामिळनाडूत थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने सातेरीच्या वसाहती अशा उडवल्या की दहातली एक उरली. अळी पाण्याच्या पिशवीसारखी होते, डोकं वर, होडीसारखी. ती खूण मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्पष्ट येते. मी फोटो काढला आणि तो त्याच दिवशी जुन्या गोव्याला एल्याच्या कृषी संशोधन संस्थेतल्या किंवा पुण्याच्या मधमाशी संस्थेतल्या जाणकाराने बघितला, तर ते पोळं मी शेजारच्या पेटीला देणार नाही. एवढंच पाहिजे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता घाला नाहीतर साधा माणूस बसवा, उत्तर संध्याकाळपर्यंत आलं म्हणजे झालं.

आणि मधाचं. आमच्या हवेत मध पातळ असतो, सातेरीचा तर जास्तच. एफएसएसएआयचा नियम आहे की ओलावा २० टक्क्यांच्या वर नको. पोळं पूर्ण मेणाने सील व्हायच्या आधी काढलं की तेवीस-चोवीस जातो आणि मेमध्ये भरलेली बाटली जुलैत फसफसते. दोन-अडीच हजारात हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, एक थेंब टाकला की आकडा. मी आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या यंत्रांत पैसे वसूल झाले ते याचेच. तुमच्या क्यूआर कोडमध्ये हा आकडा टाका, मध काढल्याची तारीख टाका, तेव्हा काय फुललेलं ते टाका, आणि पावसाळ्यात साखरपाणी कुठल्या दिवसांत दिलं तेपण टाका. हो, तेपण. लपवायचं काय त्यात? २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने साखरेच्या भेसळीसाठी १३ ब्रँडचा मध तपासून घेतला तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त ३ टिकलेले, तेव्हापासून गिऱ्हाईक बाटली उलटी-पालटी करून माझ्याकडे संशयाने बघतं. आता बऱ्याच बाटल्यांवरचा कोड स्कॅन केला की डोंगराचा फोटो आणि "निसर्गाची देणगी" एवढंच उघडतं. जुलैत साखर दिली, चवथीनंतर बंद केली, मध काढला मार्चमध्ये, हे तारखेसकट दिसलं तर शहाणं गिऱ्हाईक समजून घेतं. आणि पुढच्या मेमध्ये मीच किती मध पेटीत राखला, तेपण त्यात येऊ दे. मला स्वतःलाच बघायचंय की मी लोभ किती करते.

माझे सासरे पेटी ठेवत नसत, ढोलीतला मध काढत. पण ढोली कधी पूर्ण ओरबाडत नसत, देवीचा वाटा म्हणून मागचं एक पोळं तसंच ठेवायचे. आमच्या गावची देवी सातेरी, माशीपण सातेरी, ते म्हणायचे नाव एक म्हणजे घर एक. कोणी सांगतं सात पोळी बांधते म्हणून सातेरी. मला व्युत्पत्ती माहीत नाही. पण ते मागचं पोळं म्हणजे माशांचं पुरुमेंत होतं हे मला सात पेट्या गेल्यावर कळलं.

तर तुमचं पुढचं यंत्र घेऊन काजूच्या हंगामात येऊ नका, तेव्हा सगळीच यंत्रं चांगली चालतात. आषाढात या. वाळपईहून पहिली बस पकडा, जळवांसाठी पायाला लावायला तंबाखूचं पाणी मी करून ठेवीन, जेवायला पेज आणि सुकं बांगड्याचं किसमूर आहे. मोबाईल आंब्याखालीच चालेल तेव्हा घरी आधीच सांगून या. आणि छत्री नको, रेनकोट आणा, पेटी उघडायला दोन्ही हात लागतात.

तुमची,
सत्तरीची एक काकी
(सोळा पेट्या, त्यातल्या दोन जरा नाजूक)